पिंपळवंडी : नदी, शीव आणि चावडी



पिंपळवंडी हे जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील कुकडीकाठचं गाव. पुणे-नाशिक रस्त्यानं नारायणगाव सोडलं की आळेफाट्याच्या अलीकडे आमचा फाटा. कुकडी उगम पावते नाणेघाटाच्या बाजूला, कुकडेश्वराच्या परिसरात. माणिकडोहचं धरण, जुन्नर शहर, येडगावचं धरण असं करीत ती आमच्या शिवाराला येते. पुढे निघोजला खडकात रांजण कोरते आणि घोडनदीला मिळून भीमेच्या वाटेला लागते. गावाच्या नावात पिंपळ आहे म्हणून आमची काही मंडळी लगेच बोधिवृक्षापर्यंत पोहोचतात. पण पिंपळाच्या नावाची गावं महाराष्ट्रात पैशाला पासरी, तेव्हा त्यावर फार भर देऊ नये असं आमचं मत.

कारभार चालविण्याची रीत मात्र या खोऱ्यात जुनी. जुन्नरच्या लेण्यांतील एका ब्राह्मी लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचं सांगितलं आहे. म्हणजे हातानं काम करणाऱ्यांवर त्या काळी पैशाचा विश्वास टाकला जात होता!

पुढे काय झालं? गावाची पांढरी म्हणजे वस्ती, काळी म्हणजे शेती, आणि दोन्हींचा राखणदार महार. शिवेचा तंटा निघाला की धोंडा कुठं होता हे सांगायला त्यालाच पुढे घालायचे. त्याची साक्ष धरून हद्द ठरायची. ओढा कुठं फिरला, बांध कोणी सरकवला, सगळं त्याला तोंडपाठ. एवढा भूगोल ज्याच्या डोक्यात, त्याला चावडीवर बसायला मात्र जागा नाही. दवंडी द्या, सारा तालुक्याला पोचवा, साहेबाच्या घोड्यापुढे पळा. मोबदला हाडकी-हाडवळ्याचा तुकडा आणि घरोघरची भाकर. १८७४ च्या वतन कायद्यानं ही वेठ पक्की केली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात तिच्याविरुद्ध विधेयक आणलं, पण ते मागे घ्यावं लागलं. १९३२ साली ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी स्पष्ट बजावलं की, नुसत्या मताधिकारानं अस्पृश्यांचं भागणार नाही, राखीव जागा हव्यात. गावगाडा त्यांनी आतून ओळखला होता.

१९५९ हे साल आमच्या लोकांनी लक्षात ठेवावं. त्याच वर्षी १९५८ चा ग्रामपंचायत कायदा अमलात आला आणि कनिष्ठ गावकामगारांची वतनंही रद्द झाली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. तेव्हापासून गावाला दोन दारं झाली : ग्रामसेवकाचं दार पंचायत समितीकडे, तलाठ्याचं तहसीलदाराकडे. घरपट्टी एकीकडे, सातबारा दुसरीकडे. आमची म्हातारी माणसं हे दोन्ही एकच समजून दिवसभर चुकीच्या ओट्यावर बसून यायची. आणि कालव्याचं पाणी? ते पाटबंधारे खात्याचं. नदी गावातून वाहते, पण पाळी गाव ठरवीत नाही.

१९९० साली केंद्रानं बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलतीत घेतलं आणि १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. राखीव जागा आणि महिलांसाठी एक तृतीयांश जागा, अगदी सरपंचपदाच्याही, घटनेनंच बांधून दिल्या. महाराष्ट्रात महिलांचा वाटा २०११ पासून निम्मा आहे. जी शीव आजा दाखवायचा, तिच्या आतल्या रस्त्याचा ठराव नातसुनेच्या सहीनं होऊ शकतो तो यामुळे.

पण एक काम अजून आहे. वतन गेलं तेव्हा जमिनी ठराविक रक्कम भरून फेरप्रदान करून घ्यायच्या होत्या. कित्येकांना ते कळलंच नाही. कित्येकांचा तुकडा पडेल किमतीला दुसऱ्याच्या वहिवाटीत गेला. अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर महार वतन, 'इनाम वर्ग ६ ब' किंवा नवीन शर्त असा शेरा सापडतो, आणि ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगरशेतीसाठी विकता येत नाही. ज्यांच्या घरी आजोबांच्या नावाचा जुना उतारा ट्रंकेत पडून असेल, त्यांनी तो घेऊन एकदा तलाठी कार्यालयात जावं आणि जुने फेरफार मागून पाहावेत.