शैक्षणिक पालकत्व : नेपाळमधील मूल शिकावे, पण घरी राहून

मुंबई-पुण्यातील अनेक सोसायट्यांच्या फाटकावर रात्रभर पहारा देणारा माणूस नेपाळच्या अछाम, डोटी वा बझांग जिल्ह्यातून आलेला असतो. सुदूर-पश्चिमेकडील या डोंगराळ जिल्ह्यांत त्याने धाडलेल्या पैशांतूनच मुलांचे गणवेश आणि वह्या येतात. ज्या घरी असा आधार नाही, तेथील मुलाच्या शिक्षणाचा खर्च त्रयस्थाने नियमितपणे उचलणे म्हणजे शैक्षणिक पालकत्व. हे कायदेशीर दत्तकविधान नव्हे. मूल आईवडिलांचेच राहते. दाता फक्त त्याच्या शिक्षणाचा भार वाहतो.

ही कल्पना पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपात रुजली आणि १९३७ साली स्पेनमधील यादवीत होरपळलेल्या मुलांसाठी तिला संघटित रूप आले. तिचा उपयोग होतो का, हे अर्थतज्ज्ञांनी तपासले आहे. भारतासह सहा देशांतील अशा एका योजनेचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत सामील झालेली मुले सरासरी १.०३ ते १.४६ वर्षे अधिक शिकली, असे त्यात आढळले. नेपाळ त्या सहा देशांत नव्हता. तरी निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही.

'मोफत' शिक्षणाचा खर्च

नेपाळमध्ये आधुनिक शिक्षणाचा प्रारंभ जंगबहादूर राणा यांनी १८५४ च्या सुमारास काढलेल्या दरबार शाळेपासून झाला. पण ती आरंभी केवळ राणा घराण्यातील मुलांसाठी होती. राणांची राजवट १९५१ मध्ये संपली, तेव्हा देशात साक्षरता नाममात्र होती. २०२१ च्या जनगणनेत ती ७६.२ टक्क्यांवर पोहोचली. मात्र पुरुषांत हे प्रमाण ८३.६, तर स्त्रियांत ६९.४ टक्के आहे. २०१५ च्या संविधानाने आठवीपर्यंतचे शिक्षण सक्तीचे व मोफत, तर बारावीपर्यंतचे मोफत केले.

मग दात्याची गरज कोठे उरते? शुल्क माफ झाले, तरी वह्या, बूट, गणवेश यांचा खर्च राहतोच. खरी अडचण वरच्या वर्गांत येते. माध्यमिक शाळा अनेकदा दूरच्या बाजारगावी असते. रोजची चढउतार अशक्य झाली की मुलाला तेथे खोली घेऊन राहावे लागते. शिवाय शाळेत गेलेले मूल म्हणजे घरच्या कामातून वजा झालेले दोन हात. गुरे राखणे, पाणी भरणे, धाकट्यांना सांभाळणे ही कामे बहुधा मुलीच्या वाट्याला येतात. डोल्पा, जुम्ला, रुकुम भागांत वैशाख-ज्येष्ठात यार्सागुम्बा ही मौल्यवान बुरशी वेचण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे उंच कुरणांवर जातात आणि शाळा ओस पडतात. त्या हंगामाची कमाई वर्षभर पुरवायची असते. त्यामुळे पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

सद्भावनेचा गैरफायदा

१९९६ ते २००६ या सशस्त्र संघर्षाच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांत दलाल हिंडले. काठमांडूत चांगले शिक्षण देऊ, असे सांगून त्यांनी आईवडिलांकडूनच पैसे घेतले, मुले नेली आणि त्यांतील अनेकांना अनाथ म्हणून परदेशी दात्यांपुढे उभे केले. नेपाळच्या बालगृहांतील बहुसंख्य मुलांचे आई वा वडील हयात असल्याचे पुढे वारंवार उघड झाले. दात्याचा पैसा शाळेऐवजी वसतिगृहाकडे वळला, की मुलांना घरापासून तोडण्याचा धंदा उभा राहतो, हा त्यातील धडा होय. २०१८ च्या बालहक्कविषयक कायद्यानेही संस्थेत ठेवणे हा अखेरचा पर्याय मानला आहे.

दात्याने काय पाहावे?

* मूल स्वतःच्या कुटुंबात राहते का, हे प्रथम विचारावे. माध्यमिक शिक्षणासाठी बाहेर राहणे अटळ असेल, तर सुट्टीत ते घरी जाते का, याची खात्री करावी.
* परदेशी मदत घेणाऱ्या संस्थेला नेपाळच्या समाज कल्याण परिषदेची मान्यता लागते. ती पाहावी.
* नेपाळमध्ये खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेला सर्रास 'बोर्डिंग' म्हणतात. आपले पैसे तेथील शुल्कात जाणार की गावच्या सामुदायिक शाळेतील मुलाच्या गरजांवर, हे आधी ठरवावे.
* एकाच मुलाला महागड्या भेटी पाठवू नयेत. भावंडांत व वर्गात त्यामुळे दुजाभाव निर्माण होतो. शाळेच्या व्यवस्थापन समितीमार्फत संपूर्ण वर्गाला साहित्य देणे अधिक श्रेयस्कर.
* छायाचित्रांपेक्षा हजेरी आणि निकाल मागावेत. शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यास सुरू होते. रक्कम त्यापूर्वी पोहोचावी.
* १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर स्थिर आहे. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर आपल्याकडे ८०जी कलमाची करसवलत मिळत नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र स्वतःलाच विचारायचा आहे : बारावीपर्यंत साथ देता येईल का? नववीत हात सोडला, तर बाजारगावी खोली घेऊन राहिलेल्या मुलाला सामान बांधून परतावे लागते. शक्य नसेल, तर शाळेला एकदाच द्यावे, पण वचन देऊ नये.

आणि आरंभ कोठून करावा, हे कळत नसेल, तर फाटकावरच्या माणसाशी बोलावे. त्याची मुले कोणत्या शाळेत जातात आणि आठवीनंतरची शाळा किती दूर आहे, हे त्याच्याइतके नेमके कोणतेही माहितीपत्रक सांगणार नाही.