कॉमेटची खाच आणि एक फसवी चाचणी

शाम्पूची पुडी फाडताना तुम्ही कडेची खाच शोधता ना? माझी पीएचडी थोडक्यात तीच, फक्त पुडीच्या जागी ॲल्युमिनियमचे मिश्रधातू.

पहिल्या वर्षी मी लॅबमध्ये दोन तुकडे तुटेपर्यंत ओढले, एक गुळगुळीत आणि एक खाच पाडलेला. खाचेपाशी उरलेल्या छेदाच्या हिशेबाने खाचवाल्यानेच जास्त ताण सोसला! मला वाटलं, मशीन बिघडलं. पण खाचेच्या टोकाशी धातू थोडा ताणला जातो, साचलेला ताण वाटला जातो, आणि आजूबाजूचा जाड भाग अरुंद भागाला बारीक होऊ देत नाही. एकदाच ओढलं तर ही खाच फारशी बाधत नाही.

पुन्हा पुन्हा ओढलं तर? त्यासाठी 1954 मध्ये चला. 10 जानेवारीला इटलीच्या एल्बा बेटाजवळ ब्रिटिश जेट विमान कॉमेट हवेतच फुटलं, 35 जण गेले. उड्डाणं थांबली, मार्चमध्ये परत सुरू झाली, आणि 8 एप्रिलला नेपल्सजवळ दुसरं कॉमेट पडलं. आणखी 21 जण.

फार्नबरोच्या संशोधकांनी मग एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि आत पाण्याचाच दाब चढवत-उतरवत राहिले. पाणीच का? हवा भरली असती तर फुटताना बॉम्बच झाला असता. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे फुटलं तरी तुकडे जागच्या जागी राहतात. आधीची खरी उड्डाणं धरून सुमारे 3,000 फेऱ्यांत ते फाटलं.

'चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडलं' हे तुम्ही वाचलं असेलच. मला ते अर्धवट वाटतं. कोपरे गोलसर होते, आणि एल्बाच्या अवशेषांत तडा छतावरच्या अँटेनाच्या झरोक्याच्या कोपऱ्यापाशी, एका छोट्या भोकाच्या कडेला सापडला. गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, हे 1898 पासून माहीत होतं. इथे ते भोक अशा कोपऱ्याजवळ होतं, जिथे ताण आधीच वाढलेला. म्हणजे खाचेत खाच!

मग कंपनीने चाचणी केली नव्हती का? केली होती की! तिच्या नमुन्याने सुमारे 18,000 फेऱ्या काढल्या. एल्बाच्या विमानाची उड्डाणं होती फक्त 1,290. घोळ असा, की त्याच नमुन्याला आधी मजबुती तपासायला दुप्पट दाब दिला होता. त्यात भोकांच्या कडा कायमच्या ताणल्या गेल्या, आणि दाब उतरल्यावर भोवतीच्या धातूने त्यांना दाबून धरलं. पुढच्या प्रत्येक फेरीत कडेवरचा ताण तेवढा कमी. प्रवासी विमानांना असा दुप्पट दाब कधी दिलाच नव्हता.

सध्या मी तेच करतेय. खाचवाला तुकडा आधी एकदा जोरात ओढायचा, मग हजारो वेळा हलकेच.