एम्प्लॉयमेंटचं कार्ड आणि समोरचा पोरगा

वऱ्हाडात पोरगा करिअरचा सल्ला घ्यायला आला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘शिक्षण किती?’ हा प्रश्न मानसशास्त्रातून आलेला नाही, एम्प्लॉयमेंटच्या कार्डावरून आला, असं माझं मत आहे. नोकरीसाठी नाव नोंदवून हे कार्ड देणारी सेवायोजन कार्यालयं १९४५ साली निघाली ती युद्धावरून परतलेल्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी. त्यांचा कारभार १ नोव्हेंबर १९५६ रोजी केंद्राकडून राज्यांकडे आला. त्याच दिवशी अमरावती, अकोला जुना मध्य प्रदेश सोडून मुंबई राज्यात आले. बॉस्टनच्या फ्रँक पार्सन्सनं धंदा कसा निवडावा यावरच्या १९०९ च्या पुस्तकात सल्ल्याचा क्रम सांगितला होता तो असा: आधी माणसानं स्वतःला ओळखावं, मग धंदे समजून घ्यावेत, मग दोन्हींची सांगड घालावी. जिल्ह्याच्या गावी लोकांच्या ओळखीचं झालं ते मात्र कार्ड, आणि कार्डात रकाने असतात. पानाची मागली बाजू पाहून पऱ्हाटीवरची कीड ओळखणारा, विहिरीवरची मोटर खोलून जोडणारा पोरगा त्यात ‘मॅट्रिक नापास’ एवढाच उरतो.

यात कारकुनाचा काय दोष, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. रांग लांब, जागा मोजक्या. १९५९ च्या कायद्यानं मालकांवर रिक्त जागा कळवण्याची सक्ती केली, कार्यालयानं पाठवलेला उमेदवार घेण्याची नाही. मग आवडनिवड विचारून करायचं काय? पण नोकऱ्या थोड्या असतात तिथेच तर पोराला आणखी काय येतं हे कळायला हवं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं भरतीसाठी कार्यालयाच्या यादीबरोबर जाहिरातही द्या असं सांगितलं, तेव्हा कार्डाचा भाव उतरला. कार्यालयाच्या लांबलचक नावात आता कौशल्य आहे, उद्योजकता आहे, मार्गदर्शनही आहे. विचारण्याची सवय जुनीच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. प्रश्न पोराला विचारला तरी उत्तर बाप देतो: ‘त्याले काय समजते, सायेब.’ फी बापाच्या शेतातून जाते, तेव्हा त्याला गप्प बसवणं हा उर्मटपणाच. त्याचं आधी पूर्ण ऐकावं, फीचा आणि कर्जाचा हिशेबही मांडू द्यावा. मग पोराकडे वळून आवड विचारू नये, कारण त्यावर तो मान खाली घालतो. ‘काल दिवसभर काय केलं?’ असं विचारावं आणि थांबावं. बराच वेळ काही नाही, मग हळूच: ‘मोटर बंद पडली होती, थे खोलली.’