मोटारीचा कर्ता कोण?

मोटार कोणी बनवली, या प्रश्नाला आपण सवयीने कारखान्याचे नाव सांगतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असावे तसे मोटारीच्या नाकावर कारखान्याचे चिन्ह असते आणि प्रश्न तेथेच मिटतो. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरची पंचवीसेक वर्षे मात्र तो इतका सहज मिटत नव्हता. तो तेथील करखात्याला पडला होता, आणि त्याच्या उत्तरावर गिऱ्हाइकाच्या खिशातले शेकडो पौंड अवलंबून होते. सुटे भाग विकत आणून घरच्या गॅरेजात मोटार उभी करणाऱ्या हौशी माणसांची जी परंपरा त्या देशात रुजली, तिच्याबद्दल यंत्रप्रेमींनी विपुल लिहिले आहे. आम्हांला तिच्यात रस वाटतो तो वेगळ्या कारणाने. हा इतिहास बऱ्याच अंशी वाचनाचा इतिहास आहे: शर्यतीच्या नियमांचे, करकायद्याच्या मजकुराचे आणि कृती सांगणाऱ्या साध्या पुस्तकांचे वाचन.

त्याचा कच्चा माल होता ऑस्टिन सेव्हन. १९२२ ते १९३९ या काळात निघालेली ही चिमुकली गाडी मध्यमवर्गीय इंग्रज कुटुंबाची पहिली मोटार ठरली. तिचे इंजिन अवघे ७४७ घन सेंटिमीटरचे. सांगाडा इंग्रजी 'ए' अक्षरासारखा, पुढे निमुळता आणि मागे रुंद. वरची काया उचलून बाजूला ठेवली तरी खालची गाडी चालू शकेल असा. महायुद्ध संपले तेव्हा नव्या मोटारी प्रामुख्याने निर्यातीसाठी बनत होत्या, पेट्रोलवरचे नियंत्रण १९५० पर्यंत टिकले, आणि जुन्या ऑस्टिन मात्र भंगाराच्या भावाने पडून होत्या. अशा गाडीची काया उतरवायची, सांगाड्यावर स्वतः ठोकलेला पत्रा चढवायचा आणि तिला 'स्पेशल' म्हणायचे, हा तरुणांचा छंद झाला. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या ७५० मोटर क्लबने या छंदाला शिस्त दिली. युद्धोत्तर काळात क्लबने अशा गाड्यांसाठी शर्यतीचे स्वतंत्र नियम केले. थोडक्या पैशांत शर्यत खेळता यावी, हा त्या नियमांचा हेतू होता.

कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्याचा अभ्यास करणारा विद्यार्थी याच वातावरणातला. १९४८ मध्ये त्याने पहिली गाडी बांधली ती मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात, ऑस्टिन सेव्हनवरच. १९५१ च्या त्याच्या तिसऱ्या गाडीची हकिगत आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ऑस्टिनच्या इंजिनात चार सिलिंडरांना हवा-पेट्रोलाचे मिश्रण आत घेण्यासाठी दोनच वाटा होत्या, म्हणजे दोघांत एक. चॅपमनने त्या वाटांत पडदा घालून दोनांच्या चार केल्या. नियमांत हे करावे असे कोठे लिहिलेले नव्हते. करू नये असेही लिहिलेले नव्हते. गाडी इतकी वेगवान निघाली की क्लबला नियमच दुरुस्त करावा लागला. चॅपमनची अभियंता म्हणून कीर्ती मोठी आहे, पण त्याच्या पुढच्या आयुष्याकडे पाहता तो आधी चाणाक्ष वाचक होता असे आम्हांला वाटते. मजकुरातल्या मोकळ्या जागा त्याला चटकन दिसत, आणि हा गुण नेहमीच निर्मळ असतो असे नाही.

१९५२ च्या आरंभी हेझलने उसने दिलेल्या २५ पौंडांवर त्याने लोटस इंजिनिअरिंग सुरू केली. जागा होती वडिलांच्या हॉर्न्सी येथील रेल्वे हॉटेलामागचा जुना तबेला. तेथून निघालेली मार्क सिक्स ही गाडी गिऱ्हाइकाला संचाच्या रूपात मिळे: नळ्यांचा सांगाडा लोटसचा, बाकीचे बरेच भाग गिऱ्हाइकाने जुन्या फोर्डमधून काढून आणायचे. १९५७ मध्ये तिची धाकटी बहीण आली, लोटस सेव्हन. दारे नाहीत, डोक्यावर नावापुरते कापडी टप, चाकांवर सायकलीसारखी झाकणे. 'द मोटर' या नियतकालिकाने फोर्ड इंजिनाच्या लोटस सेव्हनची चाचणी घेतली, तेव्हा तयार गाडीची किंमत १,०३६ पौंड होती आणि त्यात ३४५ पौंड कर होता. तीच गाडी सुट्या भागांत घेतली तर लोटसला ३९९, फोर्डच्या इंजिन-गिअरबॉक्सला १०० आणि मागच्या ॲक्सलला २७, म्हणजे एकूण ५२६ पौंड पडत. जवळजवळ निम्मे.

हा फरक समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ऑक्टोबर १९४० मध्ये, ऐन युद्धात, ब्रिटिश सरकारने खरेदी कर लावला. लोकांनी चैनीच्या वस्तू घेऊ नयेत आणि कच्चा माल युद्धासाठी उरावा, हा उद्देश. युद्ध संपले, कर उरला. तो तयार मोटारीच्या घाऊक किमतीवर लागे. सुटे भाग म्हणजे मोटार नव्हे, म्हणून त्यांवर तो लागत नसे. अट एवढीच की जुळणी गिऱ्हाइकाने स्वतः केली पाहिजे. विकणाऱ्याने किंवा पैसे घेऊन काम करणाऱ्या कारागिराने ती केली, तर तो उत्पादक ठरला आणि कर आलाच. येथे 'हौशी' या शब्दाकडे वळून पाहावेसे वाटते. मराठीत तो रंगभूमीला चिकटलेला आहे, आणि 'हौशी कलावंत' म्हणताना आपण नकळत थोडी सवलत मागत असतो: चुकले तर सांभाळून घ्या. इंग्रजी करव्यवस्थेने हौशी माणसाला उलट जागा दिली. तो हौशी आहे हे सिद्ध होणे हाच त्याच्या मालकीच्या गाडीचा मुख्य गुण होता. व्यावसायिक कौशल्याचा स्पर्श झाला की ती महाग होणार.

याच मुद्द्यावर एक आख्यायिका मोटारप्रेमींत अजून सांगितली जाते. संचासोबत जुळणीच्या सूचना देता येणार नाहीत, असे करखात्याने म्हटले. चॅपमनने ते मान्य केले आणि जुळणीऐवजी गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या; गिऱ्हाइकाने त्या शेवटापासून आरंभापर्यंत वाचायच्या. गोष्ट इतकी घोटीव आहे की तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये, हेच बरे. पण ती टिकली का, हे उघड आहे. कागद तोच, शब्द तेच, फक्त वाचण्याची दिशा बदलली की मोडण्याचे पुस्तक घडवण्याचे होते. वाचक हाच कर्ता आहे, हे सांगायला साहित्यसमीक्षेला पुढे बरीच परिभाषा खर्चावी लागली. येथे ते एका नटबोल्टाच्या यादीत साधले आहे.

या कर्तेपणाचा अभिमान किती खोल जाऊ शकतो, याचे उत्तम चित्र १९६७ मध्ये सुरू झालेल्या 'द प्रिझनर' या दूरचित्रवाणी मालिकेत आहे. पॅट्रिक मॅगूहन याने रंगवलेला नायक गुप्तहेराच्या नोकरीचा राजीनामा देतो आणि एका अनामिक गावात कैद होतो. तेथे त्याचे नाव काढून घेऊन त्याला सहा हा क्रमांक दिला जातो. शीर्षकदृश्यात तो लोटस सेव्हन चालवत येतो. एका भागात तो निसटून लंडनला पोचतो, तर त्याच्या घरात परकी बाई राहत आहे आणि गाडीही तीच वापरते आहे. नावाचा पुरावा त्याच्यापाशी नाही. तेव्हा तो गाडीच्या इंजिनाचा क्रमांक तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि ही मी माझ्या हातांनी बांधली आहे, असे सांगतो. स्वतःला क्रमांकात मावू न देणारा माणूस आपली ओळख एका क्रमांकाने पटवतो, हा विरोधाभास लेखकांनी जाणून योजला की नाही, हा वेगळा प्रश्न. प्रेक्षकाला तो पटतो, कारण बांधणाऱ्याला आपल्या गाडीचे असे तपशील पाठ असतात.

दरम्यान जुन्या स्पेशलांचा काळ ओसरत होता. पन्नाशीच्या दशकात फायबर ग्लासच्या तयार काया मिळू लागल्या होत्या. ऑस्टिनच्या किंवा जुन्या फोर्डच्या सांगाड्यावर त्या बसवल्या की दिसायला झोकदार गाडी होई, चालायला जुनीच. पण १९५८ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट आणि १९५९ मध्ये मिनी आली. स्वस्त आणि चपळ गाडी आता दुकानात मिळत होती. १९६० मध्ये दहा वर्षांहून जुन्या वाहनांची सक्तीची तपासणी सुरू झाली, आणि कितीतरी खुळखुळे रस्त्यावरून उतरले. अखेर १ एप्रिल १९७३ रोजी खरेदी कर गेला, मूल्यवर्धित कर आला आणि संचाची सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅमच्या ग्रॅहम नर्न यांना दिले.

करासाठीच लोक गाड्या बांधत असते तर हा इतिहास येथे थांबायला हवा होता. तो थांबला नाही. केटरहॅमने संच विकणे चालू ठेवले आणि लोकांनी घेणे. कायद्याने ज्याला सोयीपुरता कर्ता ठरवले होते, त्याला कर्तेपणाची गोडी लागली होती, एवढाच अर्थ आम्ही काढतो.

पुढच्या टप्प्याचे श्रेय मात्र एका प्रकाशकाला आहे. १९५६ मध्ये जॉन हेन्झ या निवासी शाळेतल्या मुलाने रग्बीतून सुटका मागून घेऊन ऑस्टिन सेव्हनची स्पेशल बांधली, आणि ती कशी बांधली याची पुस्तिका काढली. २५० प्रती दहा दिवसांत खपल्या. १९६६ मध्ये त्याचे स्प्राइटवरचे दुरुस्ती-पुस्तक आले. त्याच्या ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. गाडी प्रत्यक्ष सुटी करायची, पायरीपायरीला छायाचित्र घ्यायचे, पुन्हा जोडायची आणि मग लिहायचे, ही त्याची पद्धत. या पुस्तकांत भाग बसवण्याची कृती पुष्कळदा लिहिलेलीच नसते. काढण्याचा क्रम उलटा धरावा, एवढेच सांगितलेले असते. चॅपमनच्या आख्यायिकेतला वाचक येथे हजारोंनी तयार झाला.

याच हेन्झच्या संस्थेने १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचे पुस्तक काढले. २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असे शीर्षकच सांगत होते. चॅम्पियन आउंडलच्या शाळेत शिकवत आणि विद्यार्थ्यांकडून गाड्या बांधून घेत. येथे संच नाही, विक्रेता नाही. सपाट फळीवर सांगाड्याचा पूर्णाकृती नकाशा काढायचा, इंचभर चौरस पोलादी नळ्या कापून त्यावर मांडायच्या, वेल्डिंग करायचे. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल भंगारातल्या फोर्ड एस्कॉर्टचा. रूप अर्थातच लोटस सेव्हनचे. अशा गाडीला 'लोकॉस्ट' म्हणू लागले: अल्पखर्च आणि लोटस, दोन्हींचा श्लेष. २५० पौंडांचा आकडा फारच थोड्यांना साधला असावा. हत्यारे, रंग आणि वाया गेलेल्या नळ्या तो मोजत नाही. तरी ७५० मोटर क्लबने या गाड्यांची शर्यतमालिका सुरू केली.

साहित्याच्या अभ्यासकाने पाहावे असे यापुढेच घडले. पुस्तकातल्या सांगाड्याच्या मापांत काही चुका होत्या. नळी कापली की बसत नसे. मग बांधणाऱ्यांनी आपापसांत शुद्धिपत्रे तयार केली, कोणत्या आवृत्तीत कोणते माप आहे याची तुलना केली, आणि मूळ अभिप्राय काय असेल याचा तर्क लढवला. पाठचिकित्सेचे हे काम ज्यांनी केले त्यांना तो शब्द ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्यांच्यापाशी मात्र आपल्या शास्त्रात दुर्मीळ असलेली कसोटी होती: खोटा पाठ वेल्ड होत नाही. पुस्तकाबरहुकूम सांगाडा आणि सुधारलेला सांगाडा असे दोन पंथही पडले. काळाने आणखी एक बदल केला. जुन्या एस्कॉर्ट दुर्मीळ होऊन संग्राहकांच्या हाती गेल्या, भंगार महागले, आणि हेन्झनेच पुढे फोर्ड सिएराच्या भागांवर आधारलेले नवे पुस्तक आणले.

कायदाही परतला, पण वेगळा प्रश्न घेऊन. १९९८ पासून घरी बांधलेल्या गाडीला एकेका वाहनाची मंजुरी घ्यावी लागू लागली. २००९ मध्ये तिची जागा अधिक कडक तपासणीने घेतली. आपण हौशी आहोत हे बांधणाऱ्याला आजही जाहीर करावे लागते आणि त्यासाठी कामाची छायाचित्रे व भागांच्या पावत्या जपाव्या लागतात. कर वाचवण्याचा येथे संबंध नाही. कारखान्यांना लागू असलेल्या काही कसोट्यांतून सूट हवी असते. मग नोंदणी. सगळे भाग नवे असतील तर चालू काळाचा क्रमांक मिळतो, एकाच जुन्या गाडीचे पुरेसे मुख्य भाग असतील तर तिच्या वयाचा. आणि भाग इतक्या ठिकाणांहून आले असतील की वय ठरवताच येऊ नये, तर १९८३ पासून ठरल्याप्रमाणे 'क्यू' अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. बरेच बांधणारे तो टाळण्यासाठी धडपडतात. काहीजण मात्र गाडीला तेच अक्षर आवडीने मिरवू देतात.