झोकू : एका झेंड्याखालचे

जपानीतला ‘झोकू’ हा शब्द सहसा एकटा येत नाही, दुसऱ्या कुठल्या तरी शब्दाचं शेपूट धरून येतो. त्याच्या चित्राक्षरात झेंडा आहे आणि त्याखाली बाण. एका निशाणाखाली जमलेलं लढाऊ कुळ, असा त्याचा उलगडा सांगतात. मराठी ‘कुळा’त घराणंही आहे आणि दुसऱ्याची जमीन कसणाराही. झोकूला मात्र तो दुसरा, मातीतला अर्थ नाही.

1869 मध्ये दरबारी कुलीन आणि प्रांतोप्रांतीचे सरंजामदार, म्हणजे दाइम्यो, एकत्र करून ‘काझोकू’ हा उमराववर्ग घडवला गेला. 3 मे 1947 रोजी नवी राज्यघटना अमलात आली आणि तो कायद्यातून गेला. त्याच वर्षी कोझाबुरो योशिमुरा यांचा ‘आंजोके नो बुतोकाई’ पडद्यावर आला. आंजो घराण्याचा वाडा हातचा चालला आहे, शेवटचा नृत्यसमारंभ रंगला आहे, आणि वाडा विकत घ्यायला उभा आहे एकेकाळचा घरचाच मोटारचालक! ओसामू दझाई यांची ‘शायो’, म्हणजे कलता सूर्य, ही कादंबरीही 1947 चीच. तिच्यावरून बुडत्या खानदानांना ‘शायोझोकू’ म्हणू लागले. पदव्या गेल्या, शेपूट राहिलं.

आणि ते भलत्यांनाच चिकटलं. 1956 मध्ये शिंतारो इशिहारा यांच्या ‘ताइयो नो किसेत्सु’ या कथेवर चित्रपट निघाला, पाठोपाठ को नाकाहिरा यांचा ‘कुरुत्ता काजित्सु’. बोटी, समुद्र, बापाचा पैसा आणि बेफिकिरी यांत लोळणाऱ्या पोरांचं नाव पडलं ‘ताइयोझोकू’, सूर्यकुळातले. (आपल्याकडे सूर्यवंशी म्हणवून घ्यायला निदान वंशावळ तरी लागते.) पालक खवळले. 1958 च्या सुमारास नव्या गृहसंकुलांत फ्लॅट मिळवणारे नोकरदार ‘दांचीझोकू’ झाले. आता झोकू व्हायला रक्त नको होतं, राहणी पुरे होती.

ही नावं पाडली ती बहुतेक नियतकालिकांनी, आणि ज्याची चैन किंवा पडझड दुरून दिसते त्यालाच ती आधी मिळाली. योजी यामादा यांच्या 1970 च्या चित्रपटात मात्र नागासाकीजवळच्या बेटावरचं खाणकामगाराचं कुटुंब पोट भरायला थेट होक्काइदोला निघतं. वाटेत तान्हं मूल दगावतं. चित्रपटाचं नाव ‘काझोकू’. अर्थ साधा : कुटुंब. उमराववर्गाच्या नावाशी उच्चार तोच, फक्त पहिलं अक्षर वेगळं. या शब्दाचा याहून चोख उपयोग जपानी पडद्यावर मला दिसलेला नाही.

आंजोंच्या वाड्यानंतर युझो कावाशिमा यांचा 1962 चा ‘शितोयाकाना केदामोनो’ जरूर बघा. दांचीतल्या एका फ्लॅटमध्ये लबाडीवर जगणारं कुटुंब आहे ते. दोन्हींची पटकथा कानेतो शिंदो यांचीच.