तिसऱ्या पाळीची मुलं



दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो तुमच्याकडेही असेल. शेवटच्या रांगेत डावीकडून दुसरा जो उभा आहे, त्याला आपण 'मुका' म्हणायचो. नाव लिहू नको, असं त्यानं बजावलंय. धडा वाचायला उभा केला की तो पुटपुटायचा. सर ओरडायचे, "ओठ शिवलेत का रे?" आपण हसायचो. मीही हसलोय.

पुढे इतिहास शिकवताना मला त्याची आठवण वारंवार आली. सोलापुरात १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, तेव्हा लहान मुलांना कारखान्यात लावू नये, असा कायदाच नव्हता. १८८१ च्या कायद्यानं सात वर्षांखालच्या मुलांना मनाई केली. पण सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तास काम घ्यायला मुभा ठेवली. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षांवर गेली, १९२२ मध्ये बारावर आणि १९४८ च्या कायद्यानं चौदावर. मुलं तीच होती. बदलला तो त्यांच्या भोवतीचा नियम, आणि त्यामुळे कित्येकांच्या हाती सुताच्या कांड्यांऐवजी पाटी आली.

आपण त्या पाटीचे वारसदार. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. पुढे आपल्या चिंचोळीत, पुणे रस्त्यालगतच्या ज्वारीच्या रानात शेड उभ्या राहिल्या. शहरातल्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, तशी तिकडची काही कुटुंबंही कामाच्या शोधात इकडे आली. आपल्यापैकी कुणी शाळेच्या वयात कारखान्याच्या फाटकाआत कामाला गेलं नाही. पण कारखान्याचं घड्याळ मात्र आपल्या घरांत शिरलं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ते आलं आपल्या वर्गशिक्षकांच्या. सहामाहीनंतरच्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर ते 'मुक्या'च्या घरी गेले. मी वाट दाखवायला बरोबर होतो. एकच खोली. खिडकीवर जुनी सोलापुरी चादर टांगलेली. आत नाईट करून आलेले वडील झोपले होते. आई उंबऱ्यात ज्वारी निवडत होती. आम्हाला पाहताच तिनं ओठांवर बोट ठेवलं. कोपऱ्यात तिघं भावंडं पुस्तकं मांडीवर घेऊन बसली होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. सर दारातूनच मागे फिरले. रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत.

सोमवारपासून शाळा सुटल्यावर आपला वर्ग तासभर उघडा राहू लागला. नियम एकच : वाचायचं ते मोठ्यानं. पहिले चार दिवस तो गप्पच बसला. पाचव्या दिवशी त्यानं सतराचा पाढा म्हटला, तोही असा खणखणीत, की शिपाईमामा डोकावून गेले.

तो पहिला वगैरे आला नाही. दहावीला इंग्रजी राहिलं, ते ऑक्टोबरमध्ये निघालं. मग आयटीआय. आज तो इथल्याच एका कारखान्यात माल तपासतो आणि चूक दिसली की मोठ्या आवाजात सांगतो.

पाठांतराचं बक्षीस त्या वर्षी मला मिळालं होतं. आमचं घर मळ्यात. आजोबा बांधावर बसायचे आणि मी कविता ओरडून म्हणायचो. ऐकून कुणाची झोपमोड व्हायची नव्हती. त्या बक्षिसातलं माझं किती आणि त्या मोकळ्या बांधाचं किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. जन्मजात हुशारी नसतेच, असं मी म्हणत नाही. पण तिला आवाज फुटायला जागा लागते, आणि ती जागा मूल स्वतः निवडत नाही.

गेल्या महिन्यात मेळाव्याच्या बैठकीत जमलेल्या निधीतून प्रवेशद्वाराला कमान बांधायचं ठरत होतं. तो मागे बसला होता. हात वर करून म्हणाला, "कमान बांधा, पण संध्याकाळी एक वर्ग उघडा ठेवता येईल का? नाईटवाल्यांची पोरं अजून आहेत इथं."

बैठकीत निर्णय झाला नाही. मेळाव्याच्या दिवशी तो व्हावा, म्हणून हे लिहिलं. संध्याकाळी किल्ली सांभाळायला मी तयार आहे.