व्रेडेनबर्गाइट आणि उष्णतासंस्कार

व्रेडेनबर्गाइट हे मँगॅनीज व लोह यांच्या ऑक्साइडांचे चुंबकीय धातुक. छिंदवाडा, नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांतून गेलेला सॉसर समूहाचा मँगॅनीज पट्टा सर्वपरिचित आहे.  याच पट्ट्यातील बेलडोंगरी (नागपूर जिल्हा) येथील नमुन्याला एल. एल. फर्मर यांनी भूवैज्ञानिक अर्नेस्ट व्रेडेनबर्ग यांचे नाव दिले. भारतातील मँगॅनीज साठ्यांवरील फर्मर यांच्या १९०९ च्या ग्रंथातही ते स्वतंत्र खनिज म्हणूनच येते. रासायनिक पृथक्करणातून तसेच दिसत होते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र बहुतेक नमुन्यांत घनीय जेकबसाइट आणि चतुष्कोणीय हॉसमनाइट यांचे पातळ पापुद्रे ठरावीक दिशांना एकमेकांत गुंफलेले आढळले. १९४३ मध्ये खनिजशास्त्रज्ञ मेसन यांनी एकजिनसी पण मितस्थायी चतुष्कोणीय रूपाला ‘अल्फा’ आणि या गुंफणीला ‘बीटा’ म्हटले. उच्च तापमानाला दोन्ही घटकांचा एकच घनीय घन-द्रावण असते. ते सावकाश निवले की अणूंना हलायला वेळ मिळतो आणि घटक वेगळे होतात. झटकन थंड केले तर विभाजन खोळंबते. म्हणून अशा ऑक्साइडाची स्फटिकरचना केवळ त्याच्या रासायनिक घटनेवरून सांगता येत नाही, त्याचा उष्णतेचा इतिहासही सांगावा लागतो.

तापवताना मुळात रसायनच बदलते, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: हवेत तापवलेला मँगॅनीज डायऑक्साइड ऑक्सिजन गमावत आधी सेस्क्विऑक्साइड व ९५० से. च्या आसपास हॉसमनाइट बनतो. त्यामुळे भट्टीतला वायू नियंत्रित न करता काढलेला निष्कर्ष ग्राह्य धरू नये. पण रासायनिक घटना तीच राहूनही रचना बदलते. शुद्ध हॉसमनाइट सुमारे ११७० से. ला चतुष्कोणीयाचा घनीय होतो, कारण त्रिसंयुजी मँगॅनीजभोवतीच्या ऑक्सिजन-अष्टफलकांची एका दिशेने जुळलेली ओढ त्या तापमानाला विस्कटते.

हॉसमनाइट व जेकबसाइट ही स्पिनेल रचनेची ऑक्साइडे झाली; पेरोव्हस्काइट या दुसऱ्या रचनेच्या मँगॅनीज ऑक्साइडांना हे कसे लागू, असेही विचारता येईल. तोच त्रिसंयुजी मँगॅनीज आयन लँथॅनम मँगॅनाइट या पेरोव्हस्काइटातही तसाच वागतो: सुमारे ४८० से. च्या वर अष्टफलकांची ती शिस्त मोडते आणि निवल्यावर परत येते. यिट्रियम मँगॅनाइटाचे मात्र वेगळे. उच्च दाबाखाली घडवलेले त्याचे पेरोव्हस्काइट रूप दाब काढल्यावरही टिकते, पण सामान्य दाबाला पुरेसे तापवले की षट्कोणीय होते, आणि नुसते थंड केल्याने पूर्वरूपात येत नाही.